दही लागायच्या आधी

लखनौ
९ जानेवारी २००७

ती. श्रीधरमामा,

साष्टांग नमस्कार. सकाळच्या कवायतीत कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच मानून घ्या.

इथे धुकं इतकं की समोर उभा असलेला कर्नल दिसत नाही. ही इथली एकमेव सोय. बाकी आम्ही वीस डॉक्टर शाळकरी पोरांसारखे बाकांवर बसून बर्फात माणूस कसा जगवावा हे शिकतोय. सतरा फेब्रुवारीला सुटका, मग पुण्यात बारा दिवस रजा आणि दोन मार्चला निघायचं. काश्मीरकडचं फील्ड हॉस्पिटल, चौदा महिने. गावाचं नाव लिहायचं नाही, कुटुंब न्यायचं नाही. हे तुम्हाला आणि अभिनवला ठाऊक आहे. संस्कृतीला नाही. तिला वाटतंय, आई शिकायला गेली, शिकून आली की झालं.

मामा, ती माझ्याशी फोनवर बोलत नाही. आज दहावा दिवस. अभिनव म्हणतो, खेळतेय. रोज? बरोबर फोनच्याच वेळेला?

मी तिला न सांगता निघाले, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तीस तारखेला पहाटे ती झोपलेली असताना. कल्पना अभिनवची, पण मान मी डोलावली. रडारड नको म्हणून. त्यानं हातावर दही दिलं, मी खाल्लं, बॅग उचलली आणि कडीचाही आवाज न करता बाहेर. कॅप्टन नम्रता, स्वतःच्या घरातून चोरासारखी.

तर काम असं आहे: मी येण्याआधी तुम्ही तिची तयारी करा. तुम्ही खालच्याच मजल्यावर आहात, ती तुमचं ऐकते, आणि तुम्ही मोबाईल बाळगत नसल्यामुळे मध्येच फोन येऊन तुमची सुटका होणार नाही. फक्त ‘युद्ध’ म्हणू नका. ‘सीमा’ नको. ‘बंदूक’ तर नकोच. ‘लांब’ हा शब्दही शक्यतो टाळा. आणि कृपा करून खोटं बोलू नका.

तुमची,
नम्रता


कर्वेनगर, पुणे
१६ जानेवारी २००७

चि. नम्रता,

आशीर्वाद. कंबरेला तिळाचं तेल लाव. डॉक्टरला सांगतो आहे याची जाणीव आहे.

तुझ्या अटी वाचल्या. युद्ध म्हणायचं नाही, सीमा म्हणायचं नाही, लांब म्हणायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. असा प्रश्न मी दहावीच्या पेपरात काढला असता तर पालकांनी शाळेवर मोर्चा आणला असता. तरी प्रयत्न केला. मी जमिनीवर भारताचा नकाशा पसरला, तुझ्या कन्येला पुण्यावर बसवलं आणि लखनौवर माझ्या चष्म्याचं घर ठेवलं. म्हटलं, ‘आई इथे.’ तिनं वाकून पाहिलं. ‘आणि बाबा?’ ‘बाबा खराडीला.’ ‘खराडी कुठंय?’ खराडी त्या नकाशात नाही. ती म्हणाली, ‘म्हणजे बाबा आईपेक्षा लांब असतात.’ सकाळी आठला जाऊन मूल जेवून निजल्यावर घरी उगवणाऱ्या माणसाविषयी हे अनुमान अगदीच चूक आहे असं म्हणवेना. नकाशा गुंडाळला. ‘लांब’ हा शब्द मी काढला नव्हता, नोंद घ्यावी.

आमच्या जावईबापूंचा मार्ग शास्त्रीय. त्यांनी ऑफिसात संगणकावर चौकटींचा तक्ता छापून आणला, तुझ्या येण्यापर्यंतचा एकेक दिवस एकेका चौकटीत. रोज एक रंगवायची. ‘मामा, व्हिज्युअलाइज झालं की टेन्शन कमी होतं.’ संस्कृतीनं एका दुपारी सगळ्या चौकटी रंगवल्या, तक्ता माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, ‘संपले दिवस. बोलवा आता.’ जावईबापूंना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहत उभे होते. रंगकाम स्वच्छ होतं, रेषेबाहेर कुठे गेलेलं नव्हतं.

दुसरी बातमी गौण, पण घरात तिचीच चर्चा जास्त. दही लागत नाही. पंधरा दिवस झाले. वेणूबाई दोन्ही घरचा स्वयंपाक करते हे तुला ठाऊक आहेच. तिच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला आहे. ‘बत्तीस वर्सं इरजण लावते मी, अशी लाज कधी गेली न्हाई. थंडी हाय, दुसरं काय?’ तिनं अभिनवरावांचं कंपनीचं जाड जॅकेट काढून पातेल्याला घातलं आहे. गळ्यापर्यंत चेन लावून. सकाळी उघडावं तर आतल्या पदार्थाला दूधही म्हणवत नाही आणि दहीही म्हणवत नाही. वेदान्तात अशा वस्तूला अनिर्वचनीय म्हणतात. वेणूबाईचा शब्द अधिक नेमका आहे, तो पत्रात लिहिता येत नाही.

फोनचं मी विचारलं. ‘मला बोलायचं नाही’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली, ‘आई कामात असेल.’ पाच वर्षांचं मूल इतकं समजूतदार बोललं की मला काळजी वाटते. हिचं नाव संस्कृती ठेवलं तेव्हा मी फक्त खोकलो होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. नावाला जागण्याचा तिनं एवढा प्रयत्न करू नये.

तुझा,
श्रीधरमामा


लखनौ
२२ जानेवारी २००७

ती. मामा,

तुमचं पत्र मेसमध्ये वाचलं आणि एवढी हसले की शेजारच्या मेजरनं पाण्याचा ग्लास पुढे केला. खोलीवर येऊन पुन्हा वाचलं. मग लक्षात आलं, तुम्ही तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. चार पानं नकाशा आणि दही!

अभिनवनं काल फोनवर ठरवूनच टाकलं. दोन मार्चलाही गेल्या वेळेसारखंच. ती झोपेत असताना निघायचं, मग तो दोन दिवस घरून काम करील, तिला सर्कसला नेईल. मी ‘बघू’ म्हटलं. खरं सांगू का, मला ‘हो’च म्हणायचं होतं.

रोज कागद घेते आणि पोस्टिंग बदलून मागायचा अर्ज लिहिते. रोज फाडते. आमच्या तुकडीत आणखी चौघांची मुलं संस्कृतीएवढी आहेत. ते चौघं पुरुष आहेत, त्यामुळे मुलांना कोण बघतं असं त्यांना कुणी विचारत नाही. मला मेसचा वाढपीसुद्धा विचारतो. मी जायला हवं मामा, मला जायचंही आहे. पण माझ्या जाण्याला घरात जागा कुठे ठेवायची तेच समजत नाही.

वेळ थोडा आहे. दह्याचं सोडा, मुलीचं बघा.

नम्रता


कर्वेनगर, पुणे
३० जानेवारी २००७

चि. नम्रता,

दह्याचं सोडा, मुलीचं बघा, असं तू लिहिलंस. दोन्ही एकच निघालं.

शनिवारी माझी शाळा अर्धी. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. वेणूबाईनं विरजण लावलं, पातेल्याला जॅकेट चढवलं, ‘कुणी हलवू नगा, हललं की दही लागत न्हाई’ हा रोजचा मंत्र म्हटला आणि ती पोळ्यांसाठी खाली माझ्याकडे गेली. वर्तमानपत्राच्या आड मी आहे हे विसरून आपल्या बाईसाहेब आल्या. स्टूल ओढलं, वर चढल्या, जॅकेटची चेन उघडली आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून असं गदागदा हलवलं की समुद्रमंथनात देवदैत्यांची गरजच पडली नसती. मग चेन पुन्हा लावली. व्यवस्थित.

मी म्हटलं, ‘काय चाललंय?’

‘काही नाही.’

‘हे काही नाही रोज चालतं?’

‘हो.’

‘का गं?’

माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘दही झालं की माणूस जातो.’

हळूहळू बाहेर आलं. आईनं दही खाल्लं आणि आई गेली. मग बाबा म्हणायला लागले, मला बंगलोरला जायचंय. घरात दहीच नसेल तर बाबा कसे जातील? आणि नम्रता, दैवाची थट्टा पाहा, गेल्या आठवड्यात अभिनवरावांचं बंगलोर खरोखरच रद्द झालं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि या मुलीनं कावळ्यावर शिकवणीच उघडली. जवळजवळ चार आठवडे एकटी राबून ती बापाला घरात ठेवत होती.

मी सत्तावीस वर्षं मुलांचे तर्क दुरुस्त करत आलो आहे, हाही केला. म्हटलं, ‘अगं, दही माणसानं जावं म्हणून देत नाहीत, परत यावं म्हणून देतात. दही खाऊन गेलेला माणूस परत येतो.’

‘नक्की?’

‘नक्की.’

तिनं चेन अर्धी उघडून आत डोकावून पाहिलं, जणू आता ओळख नव्यानं करून घ्यायची आहे. त्या दिवसापासून विरजण ती स्वतः लावते. दूध कोमट आहे का ते करंगळीनं पाहते, वेणूबाईला पातेल्याजवळ फिरकू देत नाही. काल पहिल्यांदा दही लागलं, सुरीनं कापावं असं. वेणूबाईनं माझ्यासमोर तिची दृष्ट काढली. दह्याची, मुलीची नव्हे.

तेव्हा एका वाक्यात काम झालं. सतराला सुटून तू येशील, माझा सिद्धान्त सिद्ध होईल, आणि दोन मार्चला ती स्वतःच्या हातानं तुला दही देऊन हसत निरोप देईल. तुझ्या अटींपैकी एकही मोडावी लागली नाही. पाठ थोपटून घ्यायला घरी कुणी नसल्यामुळे हे पत्र.

तिला हे दह्याचं मुळात समजलं कुठून, ते भेटीत सांगेन. तू आधी परीक्षा दे.

श्रीधरमामा


लखनौ
५ फेब्रुवारी २००७

ती. मामा,

परीक्षा झाली. पास होईन. हे पत्र परीक्षेबद्दल नाही.

‘नक्की’ म्हणालात?

मी जाते आहे तिथे दह्याची सत्ता चालत नाही. तिथे रस्ता आहे, बर्फ आहे, बाकीचं लिहीत नाही. मी परत येईन असं मला वाटतं. सगळे येतात, जवळजवळ सगळे. पण समजा नाही आले. मग ती मुलगी जन्मभर काय समजेल? की त्या दिवशी दही नीट लागलं नव्हतं, आणि ते मी लावलं होतं. मामा, माझ्या परत येण्याची जबाबदारी तुम्ही पाच वर्षांच्या मुलीच्या पातेल्यात टाकलीत. आणि वर पाठ थोपटून मागताय.

माझी आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. सगळं घर मला सांगत होतं, आई गावाला गेलीय. तुम्ही मला गच्चीवर नेलंत आणि सांगितलंत की आई मेली आणि आता येणार नाही. मी तुमच्या हाताला कडकडून चावले होते. पण नंतर एक दिवसही दारात वाट बघत बसले नाही. म्हणून हे काम तुम्हाला सांगितलं. तुम्हाला संस्कृत येतं म्हणून नाही.

आणि तिला दह्याचं कुठून समजलं, ते भेटीत सांगण्याची गरज नाही. परीक्षेच्या आधी मला त्रास नको म्हणून लिहिलं नाहीत ना? मला ठाऊक आहे. ती जागी होती.

त्या पहाटे मी वाकून तिच्या कपाळाला हात लावला तेव्हा तिच्या पापण्या थरथरत होत्या. झोपलेल्याच्या पापण्या आणि मिटून घेतलेल्या पापण्या यांतला फरक मला समजतो, त्याचाच पगार घेते. ती झोपेचं सोंग करत होती आणि मी फसल्याचं. तिला वाटलं असेल, आईला आपण झोपलेल्या हव्या आहोत. एवढी गुणी पोरगी. मी दाराबाहेर पडले, कारण थांबले असते तर गेलेच नसते.

हे अभिनवलाही सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगितलं.

ते ‘नक्की’ परत घ्या, मामा. मी येण्याआधी.

नम्रता


कर्वेनगर, पुणे
११ फेब्रुवारी २००७

चि. नम्रता,

तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत उघडलं, ही चूक झाली. पुढच्या तासाला नववी ‘ब’ला मी अर्धा तास खिडकीबाहेर बघत शिकवलं. वर्ग इतका शांत होता, त्याअर्थी त्यांनाही समजलं असावं.

तुझ्या दातांची खूण डाव्या अंगठ्याखाली अजून आहे. थंडीत स्पष्ट दिसते. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि आपण काय करतो आहोत हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, म्हणून धीर होत नाही.

तरी तिला बोलावलं. म्हटलं, ‘मी तुला एक चुकीचं सांगितलं. दह्यानं माणूस जात नाही आणि दह्यानं परतही येत नाही. दही आपलं द्यायचं म्हणून द्यायचं.’

तिनं विचार केला. ‘मग तुम्ही नक्की का म्हणालात?’

‘तुला बरं वाटावं म्हणून.’

‘मला वाटलं होतं बरं,’ ती म्हणाली. मग बराच वेळ माझ्या टेबलावरची खडूची पेटी उघडझाप करत राहिली. ‘मग आई येईल ना?’

मी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, ‘झाला स्वच्छ.’

नम्रता, उत्तर मी दिलं नाही. ‘हो’ म्हणालो असतो तर तू मला माफ केलं नसतंस आणि ‘माहीत नाही’ म्हणायला माझी जीभ वळली नाही. तिला आता विरजण हलवायचं कारणही उरलं नाही आणि लावायचंही. पातेल्याजवळ येते, बघते आणि परत जाते. मी तिच्या हातातलं होतं नव्हतं ते काढून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही. चौदा महिन्यांचंही सांगितलेलं नाही. ते तूच सांग. मी नापास.

जावईबापूंशी बोललो. ते म्हणाले, ‘मामा, झोपेत गेलेलंच बरं. त्रास कमी होतो.’ मी विचारलं, ‘कुणाला?’ ते लॅपटॉपचं झाकण लावून बसले. मग म्हणाले, ‘मला. नम्रता गेल्यावर ती तासभर अंथरुणात तशीच पडून होती. मला वाटलं, झोपलीय. मामा, मला तसं वाटून घ्यायचं होतं.’

म्हणजे त्या पहाटे घरात तीन माणसं होती आणि तिघंही झोपेचं सोंग वठवत होती. लवकर ये.

श्रीधरमामा


जम्मू, ट्रान्झिट कॅम्प
३ मार्च २००७

ती. मामा,

तुम्हाला न भेटता निघाले. शाळेत दोनदा फोन केला. कुणी म्हणालं सर वर्गावर आहेत, कुणी म्हणालं स्नेहसंमेलनाच्या तालमीला गेलेत. निरोप मिळाला नसेलच. मोबाईल न बाळगण्याच्या तुमच्या तत्त्वाचा विजय असो. मला तुमच्या पाया पडायचं होतं, पूर्ण, कंबर आता बरी आहे.

सगळं इतकं घाईत झालं की तुम्हाला अभिनवकडूनही नीट समजलं नसेल, म्हणून लिहिते. पण आधी रजेतल्या त्या रविवारचं, कारण तेही तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नाहीत. रजेभर माझ्याकडे चष्म्यावरून बघत होतात, तेवढंच.

संस्कृतीला घेऊन मी मार्केट यार्डात गूळ-शेंगदाणे घ्यायला गेले होते. ती स्कूटरवर पुढे उभी, मी मागे. एकमेकींचं तोंड दिसत नाही. खरं बोलायला इतकी सोयीची जागा पुण्यात दुसरी नाही. सातारा रोडच्या सिग्नलला सांगितलं. की मी पुन्हा जाणार आहे, तुझा पुढचा वाढदिवस मी तिकडे असताना येईल, आणि त्याच्या पुढचा येईल तेव्हा मी इथे असेन. तिथे बर्फ आहे, सैनिक आजारी पडतात, त्यांना लागतं, मी त्यांना बरं करते.

‘तुला गोळी लागेल?’

बंदुकीच्या शब्दाची मी तुम्हाला बंदी केली होती. तिच्याकडे तो आधीपासूनच होता.

‘मी दवाखान्यात असते. तिथे सहसा नाही लागत.’

‘सहसा म्हणजे?’

‘बहुतेक नाही.’

‘आणि तू परत येशील?’

मामा, सिग्नल सुटला होता, मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मी म्हटलं, ‘बहुतेक येईन. यायचा पूर्ण प्रयत्न करीन. नक्की असं कुणालाच सांगता येत नाही.’

मार्केट यार्ड आलं. तिथे हमालांच्या गाड्यांमधून माझं बोट धरून चालताना ती एकदम म्हणाली, ‘बाबापण बहुतेक म्हणतात. बहुतेक आठ वाजता येतो. मग खूप उशिरा येतात.’ थोडं पुढे गेल्यावर, ‘पण येतात.’ मग गुळाच्या ढेपेवरच्या माश्या मोजायला लागली. संध्याकाळी तिनं वेणूबाईकडून विरजणाची वाटी मागून घेतली. म्हणाली, आई जाईल त्या दिवशी दही मी देणार.

आता बुधवारचं. सकाळी अकराला फोन आला की पुढचा ताफा लवकर निघतोय, दोन तारखेची वाट बघू नका, आजच्याच झेलमला लष्कराच्या कोट्यातून जागा दिली आहे. गाडी पाच वीसला. बॅग अर्धी रिकामी, अभिनव खराडीला. संस्कृती साडेबाराला शाळेतून आली, तिला दारातच सांगितलं. झोपायची वाट बघायला वेळच नव्हता. चपला न काढता ती स्वयंपाकघरात गेली. कालचं दही संपलेलं, विरजणापुरतं चमचाभर उरलेलं. तिनं दूध कोमट करून घेतलं, लावलं, जॅकेट घातलं. एक वाजला होता.

वेणूबाई म्हणाली, ‘अगं बाय, दोन तासांत कसं लागंल? खालनं डेअरीतनं पावशेर आणते की, तीन मिन्टांचं काम हाय.’

‘ते आपलं नाही.’

अभिनव अडीचला पोचला. खराडीहून कर्वेनगर पन्नास मिनिटांत, कसा ते मी विचारलं नाही. साडेतीनला मी युनिफॉर्म घालून दारात उभी होते, रिक्षा खाली थांबलेली. ती पातेलं घेऊन आली. न हलवता, एकेक पाऊल टाकत, जसं काही त्यात निखारे आहेत. चेन उघडली. आत दूधच होतं, मामा. जरा दाटसर झालेलं, इतकंच.

माझ्या मनात त्या क्षणी तुमचं ते ‘नक्की’ आलं. वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं, दूध पण चालतं, असं काहीतरी. अभिनव तर तोंड उघडतच होता. तेवढ्यात तिनं चमचा बुडवला, माझा हात पुढे ओढला आणि तळव्यावर ओतलं. बोटांमधून खाली गळलं, बुटांवर. मी उरलेलं चाटलं.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘नाही लागलं.’ आणि मग, ‘तरी ये.’

मग रडली. मीही. अभिनवही, रिक्षात बॅग ठेवायचं निमित्त करून. पण ती जागी होती, मी जागी होते, आणि वळणापर्यंत मी मागे वळून बघू शकत होते. गॅलरीत उभी होती, पातेलं धरून.

बुटांवरचे डाग जम्मूपर्यंत पुसले नाहीत. इथे एका सुभेदार साहेबांनी बघितले आणि पॉलिशची डबी दिली.

उद्या सकाळी ताफा निघेल. माझ्यामागं तिचं कसं झालं ते लिहा. विनोद चालतील.

तुमची,
नम्रता


कर्वेनगर, पुणे
१० मार्च २००७

चि. नम्रता,

अनेक आशीर्वाद. पूर्ण नमस्कार पोचला.

निरोप मला सव्वापाचला मिळाला. शिपाई रंगराव तो लिहून घेऊन खिशात ठेवून विसरला होता. मी रिक्षा केली, आयुष्यात पहिल्यांदा मीटर न बघता. डेक्कनवर पोचेपर्यंत गाडी सुटून गेली असणार हे दिसत होतं, तरी स्टेशनवर गेलो. फलाटावर तुझ्या गाडीच्या जागी दुसरी कुठली तरी उभी होती. तिच्याकडे बघून परत आलो. मोबाईल घेतला आहे. अभिनवरावांनी तो लावायला शिकवलं, बंद करायला नाही. नववी ‘ब’ खूष आहे.

घरी आलो तेव्हा संस्कृती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, समोर पातेलं, जॅकेटसह. मला म्हणाली, ‘आई गेली.’ मग, जरा ताठ होऊन, ‘मी झोपले नव्हते.’

वेणूबाईनं माझ्या कानात सांगितलं, ‘रडली तवा लई रडली. पर मंग उठून बापाला पानी दिलं.’

मी शेजारी बसलो. तिला काही शिकवलं नाही, हे मुद्दाम लिहितो. साडेसातला तिनं चेन उघडली. लागलं होतं. तिनं बोट लावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला भीती वाटली की आता म्हणेल, स्टेशनवर नेऊन द्या. तिनं वाट्या घेतल्या. तू गेलीस त्या तीस डिसेंबरपासून ती दही खात नव्हती, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी दोन वाट्या खाल्लं.

रडते. परवा शाळेतून येताना रस्त्यात बसली. काल झोपताना अभिनवरावांना विचारलं, आज आईला बहुतेक झोप लागेल का. सर्कस झाली नाही, कुणाला सुचलीच नाही. ते हल्ली आठला घरी असतात. बहुतेक.

तू जम्मूहून फोन केलास तेव्हा ती बोलली, एवढंच तुला ठाऊक आहे. फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला दिसलं नाही. तिनं तो परत उचलून कानाला लावला, आत तू नाहीस याची खात्री केली आणि खाली ठेवला. मग खेळायला गेली.

खालचा मजकूर तिनं सांगितला, मी लिहून घेतला. दुरुस्ती केलेली नाही, आरोप आहेत तरीही.

श्रीधरमामा

आई, दही नंतर लागलं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. मामाआजोबा खाताना रडले आणि म्हणाले आंबट आहे म्हणून. आंबट नव्हतं. तुझं ठेवलेलं नाही, खराब होतं. तू आलीस की नवीन लावू.